समुद्रातलं लाकूड: रसायनाच्या नावाआधी त्याची खोली बघा

प्रश्न थोडक्यात असा: खाऱ्या पाण्यात उभी असलेली लाकडी जेट्टी. खांब वरून धडधाकट दिसत होते, एक दिवस बोट जरा जोरात टेकली आणि एक खांब पाण्याखाली कडकन मोडला. बाकीचेही आतून पोखरलेले निघाले. आता नवे खांब रोवायचे आहेत. कुठलं रसायन वापरावं, आणि ते जागेवरच ब्रशने दोन-तीन हात मारून भागेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यापायीच सगळ्यात जास्त पैसा वाया जाताना मी पाहिला आहे. नाही भागणार. ब्रशने लावलेलं रसायन खांबाच्या अंगातून जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर आत जातं. खांब ठोकताना दगडाला घासला, दोराने रगडला किंवा उन्हाने त्याला केसाएवढी चीर पडली, की तो थर संपला. समुद्रात लाकडाला जाड आणि अखंड कवच लागतं, आणि तसं कवच बंद सिलिंडरमध्ये दाबाखालीच तयार होतं. कुठलं रसायन हा त्यानंतरचा प्रश्न. आधी विचारायचं ते हे: रसायन किती खोल गेलं, दर घनमीटरला किती किलो राहिलं, आणि एवढं करून झाल्यावर ते कवच आपणच कुठे फोडलं?

हे एवढं ठासून का सांगतोय ते कळायला किडा नीट ओळखायला हवा. आपण किडा म्हणतो, पण त्यातला सगळ्यात घातक टेरेडो हा खरं तर शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. त्याची अळी डोळ्यांना धड दिसत नाही एवढी लहान असते. दोन-तीन आठवडे ती पाण्यात तरंगते, लाकूड मिळालं की चिकटते, टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरते आणि पुन्हा कधीच बाहेर येत नाही. वाढते ती आतल्या आत. डोक्याकडे दोन छोट्या शिंपा, त्यांना कानशीसारखे दाते, त्यांनी लाकूड खरवडत ती पुढे सरकते आणि मागे बोगद्याला चुन्याचं अस्तर लावत जाते. कल्ल्यांमध्ये वस्तीला असलेले जीवाणू तिला लाकूड पचवायला मदत करतात. दाराशी फक्त दोन नाजूक नळ्या, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. संकट आलं की नळ्या आत ओढून दोन चुनखडी पट्ट्यांनी ती दार लावून घेते आणि तशी बंद राहून आठवडेच्या आठवडे काढते. म्हणून चार दिवस पाणी गोडं झालं किंवा ओहोटीला खांब उघडा पडला, तर ती मरेल अशी आशा धरू नका.

मी नव्या जागेचं काम घेतलं की आधी प्रक्रिया न केलेल्या पाइनच्या फळ्या दोराला बांधून पाण्यात सोडतो. काही महिन्यांनी बाहेर काढलेली फळी हातात घ्या. वरचं शेवाळ खरवडून बोट फिरवा, पृष्ठभाग जवळपास गुळगुळीत लागतो. भिंग धरलं तर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात, दुर्लक्ष करावीत इतकी बारीक. मग छिन्नी लावून रेषेत फोडा. आत पेन्सिलीएवढ्या जाडीचे, पांढऱ्या अस्तराचे बोगदे दिसतात. गर्दी कितीही असो, एकाचा बोगदा दुसऱ्याला छेदत नाही. शेजाऱ्याची चाहूल लागली की वळून जातो. लाकडाच्या नावाने उरलेल्या असतात त्या बोगद्यांमधल्या कागदासारख्या पातळ भिंती. तुमचा खांब मोडला तेव्हा आत नेमकं हेच असणार.

टेरेडो एकटा नाही. लिम्नोरिया, ज्याला ग्रिबल म्हणतात, हा तीन-चार मिलिमीटरचा कवचधारी जीव. कुळ शिंपल्याचं नव्हे, खेकडे-झिंग्यांचं. तो खोल जात नाही. पृष्ठभागालगत बारीक बोगद्यांची जाळी करतो, लाटा ती भुसभुशीत साल धुऊन नेतात, की तो पुढच्या थराला लागतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खांब मध्येच बारीक होऊन डमरूसारखा दिसायला लागला, तर तो याचा उद्योग. तिसरा मार्टेसिया, उबदार समुद्रातला. हाही शिंपलाच, पण लाकूड त्याचं अन्न नाही. पाण्यातलं गाळून खातो आणि लाकडात फक्त घर करतो. खाडीच्या मिश्र पाण्यात स्फेरोमा नावाचा ग्रिबलचा मोठा भाऊबंदही भेटतो.

आता रसायनांकडे येऊ. तिथे गोम अशी की एकच रसायन या सगळ्यांना पुरत नाही.

क्रिओसोट सगळ्यात जुनं. दगडी कोळशाच्या डांबराचं ऊर्ध्वपातन करून मिळणारं हे काळं तेल. जॉन बेथेलने १८३८ मध्ये ते दाबाने लाकडात भरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि त्याच पद्धतीने आजही खांब भरले जातात. टेरेडोला आणि मार्टेसियाला ते चांगलं रोखतं. पण लिम्नोरियाची ट्रायपंक्टाटा नावाची एक जात उबदार पाण्यात क्रिओसोट भरलेलं लाकूडही खुशाल खाते. थंड समुद्रात वर्षानुवर्षं टिकलेलं क्रिओसोट उबदार पाण्यात का हरतं, याचं मुख्य कारण ही एक जात.

दुसरं सीसीए, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं पाण्यात विरघळणारं मिश्रण. हे १९३३ मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी शोधलं, आणि पुढे जगभर लाकूड टिकवायला तेच सर्वाधिक वापरलं गेलं. त्यांची युक्ती क्रोमियममध्ये आहे. तांबं आणि आर्सेनिक मारक आहेत, पण नुसते भरले तर पाण्याबरोबर निघून जातात. क्रोमियम लाकडाच्या तंतूंशी प्रक्रिया करून त्यांना जागच्या जागी पक्कं बसवतं. सीसीए टेरेडोला रोखतं, क्रिओसोट पचवणाऱ्या लिम्नोरियालाही रोखतं, पण मार्टेसियापुढे कमी पडतं.

म्हणून जिथे लिम्नोरिया ट्रायपंक्टाटा आणि मार्टेसिया दोन्ही आहेत, तिथे दुहेरी प्रक्रिया करतात: आधी सीसीए, मग खांब पुन्हा वाळवून वरून क्रिओसोट. खर्च वाढतो, पण अशा पाण्यात मी दुसरं काही सुचवणार नाही. डग्लस फरसारखं लाकूड सीसीए नीट पीत नाही. त्याला तांबं, जस्त आणि आर्सेनिकचं अमोनियायुक्त द्रावण देतात, तेही अंगावर बारीक चिरा पाडून घेतल्यावर.

प्रमाणाचे आकडे बघितले की समुद्र आणि जमीन यांतला फरक लगेच कळतो. अमेरिकन मानकांत जमिनीत रोवायच्या लाकडाला सीसीए दर घनमीटरला साधारण ६.४ किलो लागतं. समुद्रातल्या पाइनच्या खांबाला तेच २४ ते ४० किलो, म्हणजे चार ते सहा पट. नुसतं क्रिओसोट असेल तर सुमारे ३२० किलो. दुहेरी प्रक्रियेत सीसीए १६ किलो आणि त्यावर क्रिओसोट ३२० किलो. कुंपणासाठी किंवा बागेच्या डेकसाठी विकलेलं लाकूड स्वस्त मिळालं म्हणून समुद्रात वापरणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. ऑस्ट्रेलियात समुद्री लाकडाचा वर्ग एच६ आहे, युरोपात वापरवर्ग ५, अमेरिकेत यूसी५. पुरवठादाराच्या कागदावर वर्ग, रसायन, प्रमाण आणि खोली या चारही गोष्टी लिहून घ्या. तोंडी "मरीन ग्रेड आहे" याला काही अर्थ नाही.

काय चालत नाही तेही सांगतो. बोरेट समुद्रात धुऊन जातं. एसीक्यू आणि कॉपर अझोल ही तांब्यावर आधारलेली रसायनं जमिनीवर उत्तम, पण खाऱ्या पाण्यात बुडालेल्या लाकडासाठी ती नाहीत. पेंटाक्लोरोफिनॉल बुरशीला मारतं, समुद्री किड्याला अडवत नाही. इंजिनाचं जुनं तेल चोपडणं म्हणजे समुद्र घाण करणं, बाकी काही नाही.

आता लाकडाची निवड. इथे सुतारकामाची आपली सवय उलटी पडते. घरासाठी आपण गाभ्याचं लाकूड शोधतो आणि बाहेरचं पांढरं रसकाष्ठ टाकून देतो. रसायन भरायचं असेल तर नेमकं ते रसकाष्ठच हवं, कारण गाभ्याच्या नलिका झाडाने स्वतःच बुजवलेल्या असतात आणि दाब कितीही दिला तरी द्रावण आत जात नाही. म्हणून समुद्रासाठी गोल खांब घ्या, ज्याला चहूबाजूंनी रसकाष्ठाचं जाड वलय आहे. तोच खांब चौकोनी तासला की देखणा दिसतो, पण चारही बाजूंना गाभा उघडा पडतो आणि तिथे कवच बनतच नाही. सुबक चौकोनी खांबांचा आग्रह धरणाऱ्या मालकांशी मी अनेकदा वाद घातला आहे, आणि यापुढेही घालीन. ग्रीनहार्ट, टर्पेंटाइन किंवा एक्कीसारखी जात्याच टिकाऊ लाकडं घेतली तर हिशेब वेगळा. ती रसायनाविना बराच काळ टिकतात, पण उबदार पाण्यात तीही अभेद्य नाहीत.

भरण्याआधी लाकूड वाळलेलं हवं, ओलावा २५ ते ३० टक्क्यांच्या खाली. ओल्या लाकडाच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. त्यात द्रावण जाणार कुठे? सिलिंडरमध्ये आधी निर्वात करून लाकडातली हवा ओढून घेतात, मग त्याच निर्वातात द्रावण सोडतात, मग काही तास दाब देतात. समुद्री खांबांना ही पूर्ण भरण्याचीच पद्धत हवी. तेल वाचवण्यासाठी शेवटी ते परत ओढून घेणाऱ्या पद्धती जमिनीवरच्या लाकडासाठी आहेत. सीसीए असेल तर भरल्यानंतर ते पक्कं बसायला वेळ द्या. उबेत ते लवकर बसतं, थंडीत कितीतरी आठवडे घेतं. तोवर त्यातलं क्रोमियम विषारी सहासंयुजी रूपात असतं, म्हणून ठिबकणारा खांब थेट ट्रकवर चढवणाऱ्या कारखान्याकडून माल घेऊ नका.

सीसीए भरलेलं लाकूड हिरवट दिसतं, पण नुसता हिरवा रंग पाहून फसू नका. बुडवून काढलेलं लाकूडही बाहेरून तितकंच हिरवं दिसतं. तपासायचं तर पोकळ गिरमिटाने खांबातून पेन्सिलीएवढी कोर काढा आणि तिच्यावर क्रोम अझुरॉल एस नावाचा सूचक टाका. तांबं जिथवर पोचलं तिथवर कोर गडद निळी होते आणि निळा रंग जिथे थांबतो तिथे तुमचं कवच संपतं. एका कामावर आलेल्या खांबांच्या ढिगातून मी अशा कोर काढल्या होत्या. पहिल्या दोन अगदी ठीक, रसकाष्ठभर निळ्या. तिसरीत निळी कड नखाएवढी, पुढे कोरं पांढरं लाकूड; तो खांब ओलाच सिलिंडरमध्ये गेला होता. बाहेरून तिन्ही सारखेच हिरवे. पुरवठादाराने तो ढीग कुरकुरत परत नेला. कोर काढलेलं भोक मात्र रसायन भरलेल्या खुंटीने लगेच ठोकून बंद करा.

यानंतर येते ती चूक, जी चांगल्या खांबांनाही मारते. प्रक्रिया झालेल्या खांबाला जागेवर भोक पाडणं.

एका जेट्टीचे खांब उत्तम भरलेले होते, कागद चोख, कोर चोख. बांधताना कुणीतरी ठरवलं की तिरकस टेकू जरा खाली घ्यावेत, आणि ओहोटीच्या रेषेजवळ बोल्टसाठी नवी भोकं पाडली. दोन-अडीच वर्षांनी त्यातला एक खांब बाहेर काढून आम्ही आडवा कापला. बाहेर चार बोटं जाडीचं हिरवं वलय, करवतीला कडक लागणारं, एकही भोक नाही. आत सगळं मधाचं पोळं. बोल्टच्या भोकातून अळ्या थेट न भरलेल्या गाभ्यात पोचल्या होत्या आणि तिथे त्यांना रसायनाचा स्पर्शही होत नव्हता. ते अखंड वलय शेवटपर्यंत आपलं काम करत होतं. दार आम्हीच उघडून दिलं होतं.

म्हणून सगळे काप, खाचा आणि भोकं प्रक्रियेच्या आधी करा. आराखडा असा करा की बोल्ट भरतीच्या रेषेच्या वर राहतील आणि पाण्याखाली टेकू नसतीलच. क्वचित जागेवर भोक पाडावंच लागलं, तर त्यात किमान २ टक्के तांबं असलेलं कॉपर नॅफ्थेनेट पुन्हा पुन्हा, भरभरून ओता. ब्रशचं खरं काम एवढंच, आणि ही मलमपट्टी आहे हे लक्षात ठेवा. बोल्ट गरम जस्तलेपाचे किंवा ३१६ स्टेनलेसचे घ्या. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी आले की लोखंड झिजतं. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला किडा लागू नये म्हणून तांब्याचा पत्रा ठोकला, तेव्हा पत्रा शाबूत राहिला आणि तो धरून ठेवणारे लोखंडी खिळे खाऊन गेले.

बोटीचा धक्का सोसणाऱ्या खांबांबद्दल वेगळं सांगायला हवं. सीसीए मोठ्या प्रमाणात भरलं की लाकूड काहीसं ठिसूळ होतं, आणि नंतर जास्त तापमानात वाळवलं तर आणखी. जेट्टीचं वजन पेलणाऱ्या खांबाला हे चालून जातं. बोटीच्या धडकेत वाकून परत सरळ होणं ज्याचं काम, त्याला नाही. तिथे मी नुसत्या क्रिओसोटचे खांब घेतो आणि ते बदलावे लागतील हे मालकाला आधीच सांगून ठेवतो.

"आमच्या खाडीचं पाणी फार खारं नाही, तिथे किडा नसतो," असं मला बऱ्याचदा ऐकवलं जातं. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तर भागात लोक असंच समजून होते. नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे तिथे विनाप्रक्रिया खांब सर्रास वापरले जात. टेरेडो नेव्हालिस ही कमी खारं पाणी सहन करणारी जात तिथे पोचली, त्यात कोरडी वर्षं आली, खारेपणा वर सरकला आणि १९१९ ते १९२१ या काळात धक्क्यांमागून धक्के कोसळले. आज किडा दिसत नाही याचा अर्थ आज पाणी त्याला मानवत नाही, एवढाच. वर सांगितलेल्या प्रक्रिया न केलेल्या फळ्या म्हणूनच निदान वर्षभर टांगा, वेगवेगळ्या खोलीवर, आणि दर महिन्याला एखादी काढून फोडून बघा. अळ्या मोसमाप्रमाणे येतात.

ही रसायनं विषारी आहेत, आणि ती समुद्राच्या पाण्यात उभी करायची आहेत, हे मला कधी हलकं घेता आलेलं नाही. आर्सेनिक आणि सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहेत. क्रिओसोटमधली संयुगं गाळात साठतात. युरोपियन संघाने २००३ च्या निर्देशाने सीसीए भरलेल्या लाकडाला समुद्राच्या पाण्यात मनाई केली. अमेरिकेत त्याच सुमारास ते घरगुती वापरातून गेलं, पण समुद्री खांबांसाठी राहिलं. तुमच्या जागी काय चालतं ते लाकूड मागवण्याआधी बंदर किंवा पर्यावरण खात्याकडून लेखी घ्या. रसायनाचा सगळ्यात जास्त निचरा पहिल्या काही आठवड्यांत होतो, म्हणून नीट पक्कं बसलेलं लाकूड घेणं इथेही महत्त्वाचं. कापताना मास्क आणि हातमोजे घाला, भुसा ताडपत्रीवर गोळा करा, आणि उरलेला एकही तुकडा जाळू नका. सीसीएच्या धुरात आर्सेनिक असतं आणि राखेतही.

तुमच्या जुन्या खांबांपैकी काही अजून वाचवता येतील. किडा लागलेल्या खांबाला बाहेरून रसायन लावून उपयोग नाही, पण जाड पीव्हीसी किंवा पॉलिथिलीनचं आवरण गाळाच्या खालपासून भरतीच्या वरपर्यंत घट्ट गुंडाळलं तर आतलं पाणी साचून प्राणवायू संपतो आणि किडा गुदमरतो. गाळात गाडलेला भाग याच कारणाने मुळात सुरक्षित असतो. आवरण फाटलं की मात्र सगळं पहिल्यापासून, त्यामुळे बोटी घासतात त्या बाजूला वरून लाकडी पट्ट्या द्या. आधी हातोड्याने ठोकून आणि अणकुचीदार सळीने टोचून कुठल्या खांबात जीव उरला आहे ते पाणबुड्याकडून तपासून घ्या, विशेषतः गाळाच्या जरा वरच्या भागात, कारण टेरेडोची गर्दी बहुधा तिथे जास्त असते.

आणि नवे खांब येण्याआधी मोडके बुंधे पाण्यातून काढा. ते तिथेच सोडून शेजारी नवे ठोकण्याचा मोह होतो, काम वाचतं. पण त्या बुंध्यांतला टेरेडो जिवंत आहे आणि मोसमात लाखो अळ्या सोडतो. तुमच्या खांबाला पडणारी पहिली चीर त्या शोधून काढतील.